खाडीकडची भिंत

इक्बाल : कॅटलॉगचं पंधरावं पान उलटलं, शरीफा. एकावर तरी बोट ठेव.

शरीफा : बोट कशावरही ठेवीन. बावीस वर्षं दोह्यात लोकांच्या भिंती सजवताय, माझी एक सजवायला माझं बोट कशाला लागतं?

इक्बाल : दोह्याच्या मॅडम तर एका खोलीला चार-चार दिवस घ्यायच्या. पण शेवटी विचारायच्या, इक्बाल, तुला काय वाटतं?

शरीफा : आल्या. सकाळपासून पाचव्यांदा.

इक्बाल : कोण आल्या?

शरीफा : मॅडम. चहात मॅडम, पडद्यात मॅडम. मला वाटलं होतं, येताना तुम्ही दोनच बॅगा आणल्यात. तिसरी आता उघडतेय.

इक्बाल : अगं, कामाची गोष्ट सांगतोय. हा भिंतीचा कागद बघ. फिकट पानं, मागे धुकं, मधे दोन बगळे. नेचर थीम. डोळ्याला एकदम थंड. हा उशाकडच्या भिंतीला, आणि बाकीच्या तीन भिंतींना हा रंग. वॉर्म न्यूट्रल म्हणतात याला.

शरीफा : बदामी म्हणतात याला.

इक्बाल : बदामीत पिवळा जास्त असतो. यात किंचित गुलाबी आहे, दिवा लावल्यावर कळतो. एकदम ठरवायचं नसतं, समजलीस ना. आधी भिंतीवर तीन पट्टे मारायचे. सकाळी बघायचे, दुपारी बघायचे, दिवेलागणीला बघायचे. मॅडमच्या बेडरूममध्ये मी आठवडाभर नुसते पट्टेच बघत होतो, तेव्हा कुठे हा...

शरीफा : थांबा. हाच रंग?

इक्बाल : हाच म्हणजे, याच्या जवळचा.

शरीफा : आणि बगळे?

इक्बाल : तिच्याकडे तीन आहेत.

शरीफा : म्हणजे एक बगळा कमी करून तिचीच खोली माझ्या उशाशी.

इक्बाल : फर्स्ट क्लास काम आहे ते माझं. आपल्या घराला तेच द्यावं म्हटलं, तर तुझं हे.

शरीफा : मला दुसरीच्या खोलीत झोपायचं नाही.

इक्बाल : या अल्लाह. शरीफा, ती बाई सत्तरीची आहे. काठी घेऊन चालते.

शरीफा : ठाऊक आहे मला, व्हिडिओ कॉलवर बघितलंय. तिच्या रूपाचं मला काही नाही. जळते मी, खोटं कशाला बोलू. पण तिच्यावर नाही, तिच्या भिंतींवर जळते. कुठल्या खोलीत किती वाजता ऊन येतं ते तुम्हाला पाठ. जिन्याखाली प्लास्टर कुठे फुगतं ते पाठ. तिची मांजर कुठल्या कोपऱ्यात नखं मारते तेसुद्धा पाठ. मी फोनवर आपल्या हिबाचा ताप सांगायचे, तुम्ही मला मांजर सांगायचे.

इक्बाल : तो माझा धंदा होता.

शरीफा : होता ना? रमजानमध्ये फोनवर म्हणालात, आता बस, आता घरीच. त्या शब्दावर इतके दिवस तुमची मॅडम ऐकून घेतेय.

इक्बाल : बरं, ते राहू दे. तुझा तो रंगारी काशिराम कधी येतोय? काम लवकर सुरू झालं पाहिजे. सहा जूनच्या आत सगळं संपायला हवं.

शरीफा : सहा जूनला काय आहे?

इक्बाल : काही नाही. पावसाच्या आधी झालेलं बरं असतं.

शरीफा : पावसाच्या आधी करणारे लोक 'मे संपायच्या आत' म्हणतात. तुम्ही सहा म्हणालात.

इक्बाल : मॅडमनी मुलासाठी नवीन व्हिला घेतलाय. चारच महिन्यांचं काम आहे. जून ते सप्टेंबर ती सगळी फॅमिली लंडनला असते, घर रिकामं मिळतं, म्हणून मोठी कामं तेव्हाच निघतात. तुला माहीत आहे ते. आणि मी अजून हो म्हटलेलं नाही.

शरीफा : तिकीट?

इक्बाल : ते त्यांनी पाठवून दिलंय.

शरीफा : सहाचं.

इक्बाल : सातचं. पहाटेचं.

शरीफा : म्हणजे हे बगळे निरोपाचे आहेत.

(बेल वाजते. दार उघडायला जाताना शरीफा कॅटलॉग असा मिटते की आतल्या बगळ्यांनी दचकावं. बरं झालं कुणी आलं, असं तिला वाटतं, आणि आत्ताच का आलं, असंही वाटतं. दारात काशिराम उभा आहे : कोन गावचा रंगारी, साठीचा. रोडपालीतल्या या चौथ्या मजल्यावर चपला कुठे काढायच्या हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.)

काशिराम : सलाम इक्बालभाय. बरा हाय ना सगला? भाबी, पानी नको, चायच टाका.

शरीफा : टाकते. तुम्ही खोली बघून घ्या.

इक्बाल : या, काशिरामभाऊ. या तीन भिंती तुमच्याकडे. रंगाचा नंबर मी लिहून देतो. आणि या चौथीला कागद, तो मी स्वतः लावणार. त्याला तुम्ही हात लावू नका. जोड मारायची माझी वेगळी पद्धत आहे.

काशिराम : कुठली चौथी? ही खाडीकडची?

इक्बाल : हीच. उशाची.

काशिराम : हिला कागद? भाबीनी तुमाला सांगला नाय?

इक्बाल : काय सांगायचं?

शरीफा : चहात आलं घालू ना, काशिरामभाऊ?

काशिराम : घाला घाला. अवो, ही भित पाझरते. आखाडात सुरू व्हते ती पार दसऱ्यापरत. वरच्या बीमाखाली फट हाय, तितून पानी येतं. सोसायटीनं बाहेरून दोनदा सिमेट मारला, तरी हाय तशीच. यो कागद पंधरा दिवसांत सुटंल आनि बगल्यांसकट भाबीच्या अंगावर येल.

इक्बाल : मी सगळीकडे टकटक करून बघितलीय. ठणठणीत कोरडी आहे.

काशिराम : एप्रिलात कोरडीच आसनार. तुमी डिसेंबरात यायचे तवा पन कोरडीच व्हती. दरसाल दसरा झाला का मी येतो, पोपडे काढतो, पुट्टी भरतो, रंगाचे दोन हात मारतो. भाबी मागं लागतात, हे यायच्या आत आटपा म्हनून.

इक्बाल : दर वर्षी?

काशिराम : तुमी यो फ्लॅट घेतलाव तवापासून. पंधरा वर्सां झाली आसतील. हिबा येवढीशी व्हती, माझ्या रंगाच्या डब्यात हात घालायची.

इक्बाल : आणि पाणी बीमाखालून येतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?

काशिराम : सांगंल कोन? भर पावसात येऊन बघितला. भाबीनी बोलावला, कपाट सरकवाचा व्हता. दोगांनी धरून सरकवला.

इक्बाल : दोघांनी.

काशिराम : मी नि आमची घरवाली, चंद्रावती. भाबी कशाला वजन उचलतील?

इक्बाल : बरं. म्हणजे माझं घर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

काशिराम : आता मी हितंच असतो ना, इक्बालभाय. कागद लावाचाच आसंल तर दाराकडच्या भितीला लावा. ती चांगली हाय. भाबी, चाय झाला का? मला कलंबोलीला जावाचा हाय.

शरीफा : घ्या. बशीत ओता, गरम आहे.

काशिराम : बेस. तुमी दोगं ठरवा, मना फोन करा. येतो मी.

इक्बाल : तू मला सांगितलं का नाहीस?

शरीफा : पहिल्या वर्षी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मॅडमच्या हॉलचं फिनिशिंग चाललंय, नंतर बोलू. नंतर म्हणजे डिसेंबर. भिंत कोरडी. महिनाभर येणाऱ्या माणसाला कोरड्या भिंतीवर ओल कुठे दाखवायची? मग ठरवलं, विचारल्याशिवाय सांगायचंच नाही. आज सकाळपासून वाट बघत होते. तिच्या खोलीला तीन पट्टे आणि आठवडाभर. माझ्या भिंतीला एक टकटक.

इक्बाल : मी माझ्या हातानं कागद लावला असता, आणि तू गप्प बसली असतीस?

शरीफा : बसले असते.

इक्बाल : जुलैत तो गळून पडला असता.

शरीफा : हो. मग फोटो काढून पाठवला असता. त्या नवीन व्हिल्यात बसून बघितला असता तुम्ही.

इक्बाल : इतकी जळतेस?

शरीफा : इतकी. तुम्ही नाही का? काशिरामभाऊ बोलत होते तेव्हा तुमचं तोंड बघायला हवं होतं. कपाटाचं ऐकल्यावर तर कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

इक्बाल : होणारच. माझ्या घरात माझी भिंत मला दुसरा माणूस दाखवतो. आमचं काम मला शिकवतो. तेही एक वेळ चालेल. हिबानं त्याच्या डब्यात हात घातला, हे मला आज कळतंय.

शरीफा : कोपरापर्यंत घातला होता. खोबरेल तेलानं घासून काढला मी. दोन दिवस तिला शाळेत पाठवलं नाही.

इक्बाल : कुठला रंग होता?

शरीफा : पिस्ता.

इक्बाल : पिस्ता मी कधी बघितलाच नाही या खोलीत.

शरीफा : तुम्ही त्या वर्षी आला नव्हतात. पुढच्या दसऱ्याला बदलला.

इक्बाल : ओल कुठून सुरू होते?

शरीफा : विचारा काशिरामभाऊंना.

इक्बाल : तुला विचारतोय.

शरीफा : आधी तो वरचा कोपरा काळा पडतो. तिथे बुरशी धरते. मग ही रेघ खाली उतरते, अशी वाकडी, स्विचच्या बोर्डाच्या जरा अलीकडे. इथपर्यंत आली की हाताला गार लागतं. मग मी पलंग ओढून दाराकडे नेते आणि चार महिने तिकडेच झोपते.

इक्बाल : चार महिने.

शरीफा : तेच तुमचे. जून ते सप्टेंबर.

इक्बाल : हा पलंग सागवानी आहे, शरीफा. चार माणसांनी वर चढवला होता. कोण धरतं?

शरीफा : हिबा होती तोवर हिबा. ती पुण्याला होस्टेलला गेल्यापासून मीच. पायांखाली फडकी घालते आणि एकेक टोक ढकलते. अर्धा दिवस जातो, पण सरकतो.

इक्बाल : एकटीच?

शरीफा : भिंत सोडून बाकी कुणी नसतं इथे.

इक्बाल : या वर्षी एक टोक मी धरतो.

शरीफा : इथे पाऊस दहा जूनच्या सुमाराला लागतो. त्याआधी मी पलंग हलवत नाही.

इक्बाल : मग दहाला हलवू. काशिरामला बोलावू नकोस.