सिरपूरच्या तलावावरचं लाल निशाण

नानासाहेब: थांबा, थांबा. म्हणजे खाली तलाव, वर तुम्ही, आणि मधे होडी नाही.

श्रीकृष्ण: होडी नाही. मधे बर्फ. चांगला हातभर जाड.

नानासाहेब: आणि त्या बर्फावर तुम्ही उभे.

श्रीकृष्ण: उभा राहिलो, बसलो, कॉफी प्यालो. शेजारून एक ट्रक गेला.

नानासाहेब: ट्रक. ऐकलंस का लीला? तलावावरून ट्रक गेला.

लीला: ऐकलं, नाना. तुम्ही तुमच्या गळाकडे बघा. सकाळपासून त्याला शेवाळाशिवाय काही लागलेलं नाही.

नानासाहेब: लागेल. सिरपूरचा तलाव आहे हा, घाई करून काय मिळणार. श्रीकृष्णराव, माझी सगळी नोकरी शिकारखान्यात गेली. शिकाऱ्यांच्या थापा ऐकणं हेच काम. वाघ दहा फुटांचा सांगितला की मी मनात सात धरायचो. पण तलावावर ट्रक हे एखाद्या गोऱ्या साहेबानंसुद्धा कधी सांगितलं नाही.

श्रीकृष्ण: मिनेसोटात हिवाळ्यात सगळेच सांगतात. तिकडे त्याला कोणी थाप म्हणत नाही.

लीला: नाना, खामखा छळू नका त्यांना.

नानासाहेब: छळतोय कुठे? लग्नाची बोलणी चाललीत म्हणून विचारतो. जावई खरं किती बोलतो ते आधी कळलेलं बरं. यांना शेतकी खात्यानं अमेरिकेला पाठवलं कशाला? गव्हावरचा तांबेरा रोग शिकायला. आणि हे शिकून आले काय? मासे.

श्रीकृष्ण: तांबेराही शिकलो. पण तो उन्हाळ्यात. हिवाळ्यात गहूच नसतो, तर तांबेरा कुठून यायचा?

नानासाहेब: बरं, मासा कुठला म्हणालात?

श्रीकृष्ण: पाईक. नॉर्दर्न पाईक.

नानासाहेब: पाईक? आमच्या दरबारात होते की पाईक. पण शेवटी शेवटी त्यांना दात उरले नव्हते.

श्रीकृष्ण: याला भरपूर आहेत. लांबट अंग, आणि तोंड सुसरीच्या पिल्लासारखं चपटं. पाणवनस्पतीत दबा धरून बसतो. समोरून छोटा मासा गेला की झडप.

नानासाहेब: मग आपली मरळ काय वेगळं करते? तीही तशीच बसते दबा धरून. इथले लोक तिला सांवल म्हणतात.

श्रीकृष्ण: म्हणून तर आज इथे आलो. म्हटलं, ओल्सन आजोबांची युक्ती सांवलवर चालते का बघू.

लीला: ओल्सन म्हणजे यांचे घरमालक, नाना. त्यांच्याच माडीवर हे राहायचे.

नानासाहेब: तुला बरंच ठाऊक आहे.

लीला: मी विचारते. तुम्ही उलटतपासणी करता.

नानासाहेब: आणि युक्ती म्हणजे ही पाण्यात रोवलेली बुजगावणी?

श्रीकृष्ण: बांबूवर चिरलेल्या बांबूची आडवी खपची बांधलीय. खाली पाण्यात लाकडी रीळ, रिळावर दोरी, दोरीला गळ, गळाला जिवंत छोटा मासा. वर ही छत्रीची काडी वाकवून अडकवलीय, तिला निशाण. माशानं दोरी ओढली की रीळ फिरतं, काडी सुटते आणि निशाण उभं राहतं. आपण काठावर बसून पोहे खायचे.

लीला: रीळ माझं. छत्री तुमची.

नानासाहेब: माझी छत्री? आणि ते लाल कापड?

लीला: तुमच्या जुन्या पगडीचं अस्तर.

नानासाहेब: दरबारी पगडीचं?

लीला: दरबार जाऊन इतकी वर्षं झाली, नाना. मध्यभारत सरकारात कोण पगडी घालतं? ट्रंकेत कसर लागत होती.

नानासाहेब: म्हणजे पगडी फाडली, छत्री मोडली, आणि मासा यायचा तो आपण होऊन निशाण लावून कळवणार. ही मासेमारी आहे की घरपोच टपाल? श्रीकृष्णराव, काठी हातात हवी. मासा टोचला की इथे मनगटाला कळलं पाहिजे.

श्रीकृष्ण: तिकडे मनगटाला काही कळत नाही. हातमोजा काढला की बोटं गेली. म्हणून निशाण.

लीला: ती पहिल्या दिवशीची गोष्ट सांगा ना. नानांनी नाही ऐकली.

श्रीकृष्ण: नको. पुन्हा सात फूट धरतील.

नानासाहेब: सांगा, सांगा. पाच धरीन.

श्रीकृष्ण: जानेवारी होता. मी घरी परत यायचं जवळजवळ ठरवलंच होतं. सकाळी प्रयोगशाळेत जायचं, संध्याकाळी माडीवर यायचं. दिवस पाचच्या आतच मावळायचा. दिवसेंदिवस कोणाशी बोलणं नाही. मराठी तर सोडाच, हिंदीही नाही. एका रविवारी ओल्सन आजोबांनी दार वाजवलं आणि माझ्या हातात एक झारा दिला.

नानासाहेब: झारा? जिलबी काढायचा?

श्रीकृष्ण: तसाच. म्हणाले, चल. तलावावर गेलो तर मी काठावरच अडकलो. पाय पुढे पडेना. शेवटी रांगत गेलो. तिथली चिमुरडी पोरं पळत होती आणि मी आपला चार पायांवर.

नानासाहेब: हे मात्र खरं वाटतंय.

श्रीकृष्ण: आजोबांनी सुताराच्या गिरमिटासारख्या एका मोठ्या गिरमिटानं बर्फाला भोक पाडलं. घागरीच्या तोंडाएवढं. वर निशाण लावलं. भोकात पुन्हा पुन्हा बर्फ धरतो, तो झाऱ्यानं काढायचा. ते माझं काम. आणि मधूनच खालून आवाज यायचा. बर्फ ताणतो तेव्हा खूप लांब कुठेतरी ढोल वाजवल्यासारखा. मी घाबरून बघायचो, तर आजोबा कॉफी ओततायत.

लीला: मग निशाण उठलं.

श्रीकृष्ण: उठलं. आजोबा पळाले, मी पळालो, मी पडलो. त्यांनी दोरी माझ्या हातात दिली. मासा ओढायला लागला की सोडायची, थांबला की घ्यायची. नुसत्या हातानं. भोकापर्यंत आणला, पण तो आडवा झाला, तोंड वर येईना. आजोबा म्हणाले, हात घाल. मी पालथा पडून खांद्यापर्यंत हात आत घातला.

नानासाहेब: त्या पाण्यात?

श्रीकृष्ण: त्या पाण्यात. गालफडाखाली बोटं अडकवून बाहेर काढला. माझ्या हाताएवढा लांब. बर्फावर टाकला तर थोड्या वेळात लाकडासारखा कडक. संध्याकाळी ओल्सन आजींनी नुसतं मीठ लावून तळायला घेतला. मी माडीवरून आईनं दिलेलं तिखट आणून लावलं. दोघांच्या डोळ्यांतून पाणी, पण ताट कोणी सोडलं नाही. त्या रात्री मी परत यायचा विचार सोडून दिला.

नानासाहेब: हं.

लीला: किती फूट धरले, नाना?

नानासाहेब: सहा. ट्रक सोडून. असो, तिकडचं तिकडे राहिलं. आता यांना परत जायचंच नाहीये तर...

लीला: परत जायचं नाहीये म्हणजे?

नानासाहेब: काही नाही. तू पोहे काढ. वर भुरभुरायला जिरावण आणलंस का?

लीला: नाना.

श्रीकृष्ण: माझ्या प्रोफेसरांनी पुन्हा बोलावलंय. डॉक्टरेटसाठी. दोन-अडीच वर्षं. बायकोलाही आण म्हणालेत.

लीला: मग?

श्रीकृष्ण: मी नानासाहेबांना सांगितलं, जाणार नाही.

लीला: का?

श्रीकृष्ण: त्यांनी विचारलं होतं.

नानासाहेब: विचारलं नव्हतं. अट घातली होती. जे आहे ते सरळ सांगा.

लीला: हे कधी झालं?

श्रीकृष्ण: गेल्या रविवारी. तुम्ही आत भजी तळत होतात.

लीला: म्हणजे आत मी भजी तळत होते आणि बाहेर तुम्ही दोघं माझी पुढची वर्षं ठरवत होतात.

नानासाहेब: भजी उत्तम झाली होती.

लीला: नाना, मला हसवू नका. मी रागावलेय.

श्रीकृष्ण: चूक माझी. मला वाटलं, तुम्हाला वडिलांना सोडून जायचं नसेल.

लीला: वाटलं. विचारलं असतं तर कळलं असतं.

श्रीकृष्ण: मग आता विचारतो. तुम्हाला...

लीला: आता नाही सांगत.

नानासाहेब: अगं, काय आहे तिकडे? ऐकलंस ना, दिवस पाचच्या आत मावळतो, बोलायला माणूस नाही...

लीला: बोलायला हे असतील. आणि यांना बोलायला मी.

श्रीकृष्ण: निशाण.

नानासाहेब: वारा असेल. मघाशीही वाऱ्यानंच...

श्रीकृष्ण: वारा नाही. रीळ फिरतंय बघा. अहो, तुम्ही कुठे निघालात?

लीला: तुम्ही दोघं ठरवत बसा. मी जवळ आहे, मी धरते दोरी.

नानासाहेब: पदर खोच आधी. आणि एकदम ओढू नको.

श्रीकृष्ण: हाताला गुंडाळू नका. नुसती धरा. ओढतोय ना? सोडा. सोडा थोडी.

लीला: फार जोर आहे याला.

नानासाहेब: ढील दे. आणखी. आता थांबला, आता घे. आराम से. शिंगाड्याच्या वेलींकडे जाऊ देऊ नको, तिथे शिरला तर गेला.

लीला: तिकडेच चाललाय.

श्रीकृष्ण: डावीकडे चाला, काठाकाठानं. मी पुढून येतो.

नानासाहेब: तुम्ही हिच्याजवळ थांबा, पाय घसरेल तिचा. वेलींत मी बघतो.

लीला: नाना, बूट. पाणी गार आहे, नाना.

नानासाहेब: असू दे. दोरी ताणून धर. इथे अडकलाय. एक वेल सुटली... दुसरी... हा बघ, शेपटी दिसली. सांवलच आहे. श्रीकृष्णराव, गालफडाखाली म्हणालात ना?

श्रीकृष्ण: गालफडाखाली. बोटं तोंडात नका घालू.

नानासाहेब: मला शिकवू नका. धरला. ओढ, लीला, ओढ.

(मरळ काठावरच्या गवतात. तिघंही भिजलेले.)

श्रीकृष्ण: ओल्सन आजोबांनी बघायला हवा होता.

नानासाहेब: त्यांना सांगा, नाव ठेवायला जागा नाही. पण निशाणानं फक्त कळवलं. पकडला लीलानं.

लीला: वेलींत तुम्ही शिरलात.

नानासाहेब: मी शिरलो, कारण तू सोडणार नव्हतीस. लहानपणी पतंगाचा मांजा असाच धरून ठेवायचीस. बोट कापलं तरी.

लीला: नाना, मला जायचंय.

नानासाहेब: घरी ना? चल, मलाही थंडी वाजतेय.

लीला: घरी नाही. यांच्याबरोबर. तो गोठलेला तलाव मला बघायचाय. तिथल्या कॉलेजात मलाही काही शिकता येईल. मला तुम्हाला सोडायचं नाहीये, पण जायचंय. दोन्ही खरं आहे.

नानासाहेब: हिवाळ्यात कोणी शहाणा माणूस घर सोडतो का?

लीला: आपलं सरकार दर हिवाळ्यात ग्वाल्हेरला जातं.

नानासाहेब: सरकार उन्हाळ्यात परत येतं.

लीला: मीही येईन. दोन-तीन उन्हाळे उशिरा.

श्रीकृष्ण: नानासाहेब, मी तुम्हाला शब्द दिलाय. तुम्ही मोकळं केल्याशिवाय जाणार नाही.

लीला: आणि मी?

श्रीकृष्ण: तुमच्याशिवाय तर मुळीच नाही.

नानासाहेब: प्रोफेसरांना नकार कळवलात?

श्रीकृष्ण: अजून नाही. रोज लिहायला बसतो.

नानासाहेब: हे मला सांगितलं नाहीत.

श्रीकृष्ण: तुम्ही हे विचारलं नव्हतं.

नानासाहेब: बघ, हाही तुझ्यासारखंच बोलायला लागला. लीला, तुझी आई गेली तेव्हापासून संध्याकाळी तू शाळेत शिकवून आलीस की घरात आवाज होतो. वाचनालयात जाईन, पत्ते खेळीन, ते सगळं होईल. पण तो आवाज नसेल. म्हणून अट घातली. दुसरं कारण नव्हतं.

लीला: मला ठाऊक आहे, नाना.

नानासाहेब: ठाऊक होतं तर आधी बोलायचंस.

लीला: मी भजी तळत होते.

नानासाहेब: दर आठवड्याला पत्र यायला पाहिजे. आणि पत्रात इंग्रजी नको, मला चष्मा लावावा लागतो.

लीला: मराठीतच लिहीन.

नानासाहेब: मग ठीक. उचला तो मासा. घरी जाऊन आधी कोरडे कपडे. श्रीकृष्णराव...

श्रीकृष्ण: जी?

नानासाहेब: त्या बर्फावर आधी तुम्ही पाय ठेवा. मग हिला हात द्या.