मन गार ठेवण्याचा तास

...म्हणजे आता पोरानं हसायचंसुद्धा नाही! तुम्हाला सांगतो, आमच्या खोन केन शहराकडे माणूस तापला की लोक म्हणतात, 'जाय येन येन', मन गार ठेव. गाडीला गाडी घासली तरी म्हणतात, बायको माहेरी गेली तरी म्हणतात. पण शाळेत हे शिकवायचं कोणी? तर मी! का? तर मी कॉलेजातून नुकताच आलेला, उत्साह फार. आठवड्याला एक तास दिला. मन गार!

त्या तासाला मॉक. नववीतला, राग नाकाच्या शेंड्यावर. मागे शाळेची शिस्त सांभाळणाऱ्या प्रासित सरांनी सकाळी झेंड्यापुढे, सगळ्यांदेखत, त्याच्या वाढलेल्या केसांतून केस कापायचं मशीन फिरवलं, बरोबर मधोमध, तर पठ्ठ्यानं ते हिसकावून कमळाच्या तळ्यात भिरकावलं. पुन्हा काही केलं तर शाळेतून नाव कमी, असं त्याच्या आईला बजावलेलं. ती बिचारी माझ्याकडे आली, एवढं वर्ष तेवढं निघू दे म्हणाली. मग मी शिकवलं... राग आला की बोलायचं नाही, संथ श्वास घ्यायचा, ओठांवर हसू ठेवायचं. पोरगं घरी कोंबड्यांपुढे उभं राहून सराव करायचं हो! मन गार!

आणि सोमवारी प्रार्थना संपते न संपते तोच प्रासित सर नवं मशीन घेऊन हजर. मॉकच्या केसांत पुन्हा पट्टा काढला, वर विचारतात, "काय राजे, दिसता कसे?" अख्खी शाळा खिदळली, मी मागे उभा राहून बघतोय, आणि मॉक? हात मागे, डोळे खाली, श्वास संथ... ओठांवर हसू. अहो, जिंकला होता तो!

"हसतोस? मला हसतोस?" म्हणत सरांनी मशीन स्वतःच फरशीवर आपटलं. दोन तुकडे. आणि दुपारी नाव कुणाचं कमी झालं? मॉकचं! उद्धटपणा म्हणे. मी तावातावानं मुख्याध्यापिकाबाईंकडे गेलो, तो सरांना हसला नाही, मीच हसायला शिकवलं होतं, असं शंभरदा सांगितलं. त्यांनी माझ्यापुढे थंड पाणी ठेवलं आणि म्हणाल्या, "सर, जाय येन येन."

मन गार!

आता झेंड्यापुढे पोरं अशी उभी राहतात की नाकावर माशी बसली तरी हलत नाहीत. परवा प्रासित सरांनी माझी पाठ थोपटली, "बघा, तुमच्या तासाचा केवढा परिणाम!" मी काय केलं? हात मागे बांधले, संथ श्वास घेतला...

हसलो मात्र नाही. नोकरी टिकवायची आहे.