न घेतलेल्या गोळ्या

(शिवणाच्या दुकानामागची खोली. थोरली जाऊ मशीनवर बसलीय, धाकटी आत्ताच मोरीतून बाहेर आलीय.)

थोरली : काय गं, पांढरीफटक पडलीस! इतका वेळ आत काय करत होतीस?

धाकटी : वहिनी, दार लावा. आली.

थोरली : कोण आली?

धाकटी : पाळी.

थोरली : अगं बाई! तिसरा महिना ना तुझा? हलू नकोस, गाडी बोलावते.

धाकटी : तिसरा महिना नव्हताच. काहीच नव्हतं.

थोरली : काहीच नव्हतं म्हणजे? आईंनी साऱ्या गल्लीला सांगितलंय!

धाकटी : 'दिवस गेले' असं मी म्हटलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, मी म्हटलं, दोन महिने आली नाही. त्यांनी मला जवळच घेतलं, वहिनी. सहा वर्षांत पहिल्यांदा. मग तोंडच उघडेना माझं.

थोरली : पण तुझी पाळी वेळेवर आलीय कधी? डॉक्टरबाईंनी माझ्यासमोर सांगितलं, अंडाशयाचा त्रास आहे, गोळ्या घेतल्याशिवाय नीट यायची नाही.

धाकटी : म्हणून तर गोळ्या बंद केल्या.

थोरली : काय?

धाकटी : गोळी घेतली की पाळी येते. आली की घरात सगळ्यांची तोंडं उतरतात. म्हटलं, नाहीच आली तर... कुणास ठाऊक, खरंच राहिलं असेल.

थोरली : शिकलीसवरलेली ना तू? तपासायचं तरी!

धाकटी : चारदा तपासलं. चारही वेळा एकच रेघ. ती पाकिटं तुमच्या चिंध्यांच्या पोत्यात खुपसली.

थोरली : आणि मी मेली गिऱ्हाइकांची कामं बाजूला टाकून दुपटी शिवत बसलेय!

धाकटी : शिवू नका म्हणायला जीभ वळली नाही.

थोरली : आभाळच फाटलं, आता ठिगळ कुठं लावू? ...खूप जातंय का?

धाकटी : खूप. गाठी पडताहेत.

थोरली : मग आधी डॉक्टरबाई. घरचं नंतर.

धाकटी : घरी काय सांगू? हे म्हणतील, फसवलंस. आई तर गेल्या वर्षीच म्हणाल्या होत्या, दुसरी बघू म्हणून.

थोरली : ऐक. गेलं म्हणून सांगू.

धाकटी : नव्हतंच, त्याला गेलं म्हणू?

थोरली : म्हण. नव्हतं म्हणालीस तर दारात उभी करणार नाहीत. गेलं म्हणालीस तर चार दिवस निजू देतील, रडू देतील. रडायचंय ना तुला?

धाकटी : हो.

थोरली : मग झालं तर.

धाकटी : आणि पुढच्या वेळी?

थोरली : पुढचं मला नाही गं माहीत. चल, चप्पल घाल. आई विचारतील, किती दिवसांचं होतं. काय सांगायचं?

धाकटी : सत्त्याऐंशी दिवसांचं, वहिनी.