मी फक्त ‘क’ ऐकला

नंदा, आणि वर्गातल्या मुलांचे आईवडील, ताईंसाठी तुम्ही सगळे आलात. मी उभी तर राहिले आहे, पण कुठून बोलू ते सुचत नाही. शहागंजातल्या केळीच्या गाडीपासून सुरू करते.

मी वसुधाताईंच्या शाळेत, ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवायला, नुकतीच लागले होते. गाडीपाशी मी ‘केली’ म्हणाले. ताई तिथंच थांबल्या. “कॉन्व्हेंटच्या बाई, जीभ मागं वळवा. टाळूला लावा. आता सोडा झटक्यानं!” भर गर्दीत मी ळ, ळ करत उभी. केळीवाला म्हणाला, “बाजी, केले लेते, के इस्कूल खोलते?”

अशा होत्या ताई. ‘प’साठी ओठांसमोर कागदाची पट्टी. ती फडफडली की मूल हसायचं. ‘ग’साठी मुलाचा हात आपल्या गळ्यावर. ‘त’साठी वरच्या दातांमागं मधाचं बोट.

चार महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला. ताईंची जीभच उचलेना. मी रोज जायचे. आरसा, पट्टी, मध. त्यांनीच शिकवलेलं सगळं त्यांच्यावरच. ‘प’ आला. ‘त’ आला. ‘क’ मात्र येईना. जिभेचा मागचा भाग वर जाईना, ‘क’चा ‘त’च व्हायचा.

गेल्या मंगळवारी ताई माझा हात धरून बोलल्या. एक अख्खं वाक्य. बहुतेक दोन. आणि त्यात ‘क’ होता! मी ओरडलेच, “ताई, आला! पुन्हा म्हणा, क!”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आरसा पालथा ठेवला. नंदा, तू दारात होतीस. त्या हसल्या का गं?

शुक्रवारी त्या गेल्या.

त्या काय म्हणाल्या, मला माहीत नाही. मी फक्त ‘क’ ऐकला. नंदा, तुला, लेकीला काही सांगायचं होतं? मला? की नुसतं, खिडकी लाव? मी शिकवत होते की छळत होते? खरंच कळत नाही मला.

आता थोडा वेळ कुणीच काही बोलू नका. मग जाताना एवढं करा. ताईंची चित्रांची पेटी शबानाबाईंनी न्यावी, ताईंचा वर्ग आता त्यांचा. पट्ट्या आणि मध मुलांना. ताईंची शाल आपल्या शाळेच्या मावशींना, त्यांना थंडी सोसत नाही. आरसा नंदा, तू ने. वर्गात नको. त्यात बघून केस विंचर.