कोपऱ्यातल्या झाकणाला तांब्याभर पाणी

लक्ष्मीकेशवाच्या पायांशी जमलेल्या सगळ्या थोरामोठ्यांना, मागे खांबाला टेकून डुलक्या काढणाऱ्यांनाही, माझा नमस्कार! डुलक्या काढा, हरकत नाही. आजचं आख्यान अर्धवट झोपेत ऐकण्यासारखंच आहे.

मंडळी, आधी एक प्रश्न. घर उजळतं कुणामुळे? सांगा बरं! दिव्यामुळे? दिवा लागतो विजेमुळे. वीज येते तारेतून. ठीक. पण आलेली वीज कधी बिथरली, वाट चुकली, तर तिला पोटात कोण घेतं? तुम्हाआम्हाला झटका बसत नाही, तो कुणाच्या जिवावर? — नाही ना ठाऊक? खांबेटे मास्तरांनाही ठाऊक नव्हतं. आणि गंमत अशी की, मास्तर हायस्कुलात जन्मभर तेच शिकवत होते!

राजापूरच्या अलीकडे एक वाडी आहे. नाव घेत नाही, तिथले दोघे इथे बसलेत. त्या वाडीत विश्वनाथ खांबेटे मास्तर राहतात. विज्ञानाचे शिक्षक, आता निवृत्त. माणूस सरळ, पण देवाच्या दारातसुद्धा आधी घंटेचा धातू कोणता ते बघणारा. त्यांच्या पत्नी कुमुदवहिनी. बोलणं थोडं, काम फार. मुलगी लग्न होऊन गेलेली. घर, अंगण, तुळस, आणि ही दोघं.

वहिनींचा रोजचा एक नेम. सकाळी तुळशीला पाणी घालायचं, आणि मग तांब्या पुन्हा भरून अंगणाच्या कोपऱ्यात जायचं. तिथे जमिनीलगत एक दगडी झाकण. ते सरकवायचं, तांब्याभर पाणी आत सोडायचं, झाकण लावायचं, घरात यायचं. उन्हाळ्यात दोन तांबे. वर्षानुवर्षं! मास्तर पडवीत चहा घेत हे बघायचे आणि म्हणायचे, "तुळशीला पाणी समजतं मला. पण त्या झाकणाखाली कुठला देव बसवलायस?"

वहिनी हसायच्या. पाणी घालायच्या.

मंडळी, आपण बायकांच्या किती गोष्टी अशा चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकतो, बघा. विचारतो, पण उत्तरासाठी थांबत नाही.

तर मास्तरांच्या मनात आलं, विजेवरची गाडी घ्यायची. आवाज नाही, धूर नाही, फुलपाखरासारखी जाते म्हणे! नोंदणी केली. गाडी यायला सहा-सात महिने होते, पण मास्तर उतावळे. चैत्रातच अंगणाला सिमेंटचा कोबा घातला. वर पत्र्याची शेड. गाडी वळायला तुळस आड येत होती, ती उचलून परसात नेली. वहिनी तिला तिथे जाऊन पाणी घालू लागल्या. पण गवंडी कोपऱ्याकडे वळले तेव्हा पदर खोचून पुढे आल्या.

"अहो, तेवढा कोपरा राहू द्या."

"का? काय आहे तिथं?"

"आहे माझं काहीतरी."

मास्तर हसले. गवंड्यांकडे बघून हसले. म्हणाले, "बघा हो, आमच्या हिचा पाताळातला देव! रोज पाणी पितो, पण कधी दिसत नाही." गवंडीही हसले. आणि वहिनींच्या डोळ्यांदेखत कोपऱ्यावर कोबा पडला.

वहिनी आत गेल्या. त्यांनी सगळ्यांना चहा केला.

पावसाळा सरत आला. गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. आणि गौरींपाठोपाठ तिसऱ्या दिवशी कुमुदवहिनीही पिशवी भरून निघाल्या. "जरा भावाकडे जाऊन येते." भाऊ खाडीपलीकडे, दोन तासांचा रस्ता. भांडण नाही, आदळआपट नाही. मास्तरांना वाटलं, येईल चार दिवसांत. चार दिवसांचा महिना झाला. फोन केला तर म्हणायच्या, "बरी आहे. तुम्ही जेवलात का?" मंडळी, रागावलेली बायको भांडली तर समजावं, अजून घरात आहे. "जेवलात का" एवढंच विचारायला लागली, तर समजावं, फार लांब गेली! हसता काय? पेटीवाले, तुम्ही हसू नका, तुमचं मला माहीत आहे.

दिवाळीत गाडी आली. पांढरीशुभ्र. मास्तरांनी फोन केला, "तुळशीच्या लग्नाला तरी ये. न्यायला येऊ?"

पलीकडून उत्तर आलं. "अंगण गाडीसाठी गेलं ना? मग गाडीनंच या."

बोलणं मऊ होतं, पण मास्तरांच्या काळजात रुतलं. तुळशीची लग्नं द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत. तेवढ्यात तिला आणायची. यंदा आली नाही, तर ती येणारच नाही, असं मास्तरांना आतून वाटायला लागलं. आणि गाडीतली वीज तर शोरूममधून घरी येण्यातच संपलेली!

एकादशीला चार्जर बसवायला हसन परकार आला. वायरमन. त्याचे वडीलही वायरमन, वाडीतली निम्मी घरं त्यांनीच उजळलेली. हसन मास्तरांचा विद्यार्थी. त्याने भिंतीवर पेटी बसवली, जाड केबल ओढली, नळी गाडीच्या तोंडात दिली, बटण दाबलं. आता हिरवा दिवा लागायचा —

लाल!

पुन्हा काढली, पुन्हा लावली. लाल. मास्तर म्हणाले, "पेटी खराब दिसते."

हसनने जवळच्या यंत्राची दोन टोकं लावून बघितली आणि मान हलवली. "पेटी चांगली हाय, मास्तर. तुमच्या घराला अर्थिंगच नाय. ही पेटी शाणी. जमिनीचा आधार हाय का बघते, आणि नसला तर वीज सोडतच नाय."

"अर्थिंग नाही? माझ्या घराला?"

"तुमीच शिकवलंत की. वाट चुकलेला करंट भुईत जायला पायजे. खड्डा, त्यात पाइप, भोवती कोळसा नि मीठ. आणि खड्डा ओला हवा." हसन हळूच म्हणाला, "मला त्याच प्रश्नाला उभा केला होतात वर्गात."

घराचं वायरिंग झालं तेव्हा मास्तर निवडणुकीच्या ड्युटीवर होते. अर्थिंग असेल कुठेतरी मीटरपाशी, असं धरून चाललेले. जन्मभर फळ्यावर खड्डा काढला, स्वतःच्या घरचा कधी शोधला नाही. विद्वानांचं असंच असतं बघा. फळा पाठ, अंगण अनोळखी!

"मग नवा खड्डा मार," मास्तर म्हणाले.

"कुठं मारू? सगळा कातळ हाय. बाबा सांगायचे, मास्तरांच्या अंगणात माती फक्त एका कोपऱ्यात गावली." हसनने बोट केलं. "तिथं दगडी झाकण होतं ना एक?"

मंडळी, मास्तर जागच्या जागी बसले. कोब्यावर, मांडी घालून.

हसनने छिन्नी घेऊन कोबा फोडला. झाकण निघालं. आत हात घातला तर कोळसा खडखडीत. वर पत्रा, खाली सिमेंट, सबंध पावसाळ्यात थेंब पोचला नव्हता. मास्तरांनी तिथूनच फोन लावला.

"कुमुद, त्या झाकणात तू पाणी का घालत होतीस?"

"हसनच्या वडिलांनी सांगितलं होतं. म्हणाले, वहिनी, ह्याला कोरडं ठेवू नका, घरात कुणाला झटका बसायचा नाही."

मास्तरांना एकदम आठवलं. मुलगी लहान असताना पंपाचा करंट नळात उतरला होता. मुलीचा ओला हात नळावर. फ्यूज उडाला, दिवे गेले, आणि पोर हसत घरात आली. तेव्हा मास्तरांनी सगळ्यांना फ्यूजचं महत्त्व समजावून सांगितलं होतं! फ्यूज उडायलाही वीज भुईला पोचावी लागते, हे सांगितलं. ती वाट ओली कुणी ठेवली, ते कुणी विचारलंच नाही.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही थांबलात कुठे? विचारायचात आणि हसायचात."

मास्तर म्हणाले, "कुमुद, मी चार माणसांत हसलो तुला. चुकलं माझं."

मास्तर फोन कानाला धरून थांबले. मग आवाज आला, "पाणी भसकन ओतू नका. हळूहळू सोडा. कोरडी माती एकदम घेत नाही, बाजूनं वाहून जातं."

'येते' म्हणाल्या का? तसं काही म्हणाल्या नाहीत.

हसनने नवा कोळसा आणि मीठ भरलं आणि म्हणाला, "आता घाई नको मास्तर. मुरू दे." द्वादशीला मास्तर पहाटे उठले. तोच तांब्या घेतला. झाकण सरकवलं, आणि बारीक धार सोडली. बटण दाबलं. लाल. त्रयोदशीला सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. लाल. मधल्या वेळात मास्तरांनी पहार घेतली आणि कोबा फोडायला सुरुवात केली. हसन म्हणाला, "अहो, गाडी कुठं लावणार?" मास्तर म्हणाले, "बघू."

चतुर्दशीची दुपार. पहार टाकून मास्तर झाकणाशेजारी आडवे झाले. पत्र्याची सावली अंगावर, ओल्या मातीचा वास, कुठेतरी भारद्वाज घुमतोय... आणि मास्तरांचा डोळा लागला. तबला जरा हळू, हं. आता आपल्याला फार खाली उतरायचंय.

स्वप्नात मास्तरांनी ती हिरवी तार धरली. अर्थिंगची तार हिरवी असते. तिला धरून ते जमिनीखाली निघाले. कोळशाच्या काळ्या पायऱ्या, मिठाचं चांदणं, दोन्हीकडे मुळं झुलताहेत. खाली खाली. अंधार, पण भीती नाही. आणि अगदी तळाशी एक ओलं, थंड अंगण. शेणानं सारवलेलं. तिथे कुमुदवहिनी बसलेल्या, शेजारी तांब्या. वरून एकेक वीज यायची, बिथरलेली, थरथरत, चुकलेल्या लेकरासारखी. वहिनी तिला मांडीवर घ्यायच्या, कपाळावर ओला हात ठेवायच्या. वीज निजायची. मग दुसरी. किती वर्षांच्या विजा होत्या त्या! पंपातली होती. आणि मास्तर बघतात तो काय, त्यात त्यांचे स्वतःचे रागावलेले शब्दही होते. मुख्याध्यापकांवरचा राग घरी आणून टाकलेला, तो होता. गवंड्यांसमोरचं हसूसुद्धा होतं. तेही तिच्या मांडीवर झोपलेलं.

मास्तर म्हणाले, "कुमुद, दमलीस का गं?"

वहिनींनी वर पाहिलं. म्हणाल्या, "थोडी कोरडी पडलेय."

वीज मिरवते वरती वरती, माती खाली मौन धरी ।
पोटी घेई घाव तियेचे, म्हणून नांदे दीप घरी ॥

जागे झाले तेव्हा मास्तरांचा गाल ओला होता. झाकणाजवळची ओल असेल. असेल बुवा!

पौर्णिमेची पहाट. मास्तरांनी धार सोडली. आज पाणी वर तरंगलं नाही. माती घुटक्याघुटक्याने पीत होती, तो आवाजही ऐकू येत होता. बटण दाबलं —

हिरवा!

मास्तरांनी गाडीला नाही, त्या कोपऱ्याला हात जोडले. सकाळभर गाडी भरत होती, आणि मास्तर आणि हसन दोघं मिळून तुळस परसातून उचलून पुन्हा जागेवर बसवत होते. दुपारी गाडी निघाली. आवाज नाही, धूर नाही. खाडीवरचा पूल, खाली पाण्यात ढग, आणि मास्तर मनातल्या मनात म्हणताहेत, येईल का? पिशवी भरलेली असेल का?

भावाच्या दारात वहिनी उभ्या होत्या. हातात पिशवी नव्हती. वहिनींनी गाडी बघितली नाही. मास्तरांचे हात बघितले. पहारीने फोड आलेले.

"हे काय केलंत?"

"कोपरा मोकळा केला."

वहिनी आत गेल्या. पिशवी घेऊन आल्या.

दिवेलागणीला दोघं घरी पोचली. अंगण अर्धं उखडलेलं, अर्धं सिमेंटचं, मध्ये तुळस. गाडीला जागाच नाही! ती निम्मी बाहेर, फणसाखाली वाकडी उभी केली. वहिनी पायही न धुता कोपऱ्यात गेल्या, झाकण सरकवलं, मातीवर बोटं टेकवली. मास्तर मागे उभे, निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखे.

वहिनी म्हणाल्या, "ओल आहे."

मग तांब्या भरून आणला आणि मास्तरांच्या हातात दिला. "आता रोज तुम्ही घाला. मी चहा घेत बघते."

तुळशीचं लग्न लागलं. मंगलाष्टकं हसनच्या बायकोने दारात उभं राहून ऐकली आणि चिरमुरे-बताशे घेऊन गेली.

मंडळी, आख्यान संपलं. आता तुमच्याकडे वळतो. हसू विझलं ना? विझू द्या. प्रत्येक घरात असा एक कोपरा असतो. कुणाची आई, कुणाची बायको, कुठे म्हातारे वडील, कुठे बिनलग्नाची बहीण. घराचे सगळे झटके तिथे जातात आणि निजतात. घर म्हणतं, आमचे दिवे कसे छान लागतात! त्या कोपऱ्याला शेवटचं पाणी कधी घातलंत, आठवतं? मी तुम्हाला विचारतोय खरा, पण घरून निघताना आमची ही म्हणाली, "उपरणं नीट घ्या, गारठा आहे." मी म्हणालो, "कळतं मला." हे बघा, उपरणं खांद्यावर आहे. तिनेच टाकलंय.

आता घरी जाल. फार काही करू नका, पाय धरू नका, ती घाबरेल. फक्त विचारा, "तू हे रोज का करतेस?" आणि विचारल्यावर, देवाची शपथ, उत्तर येईपर्यंत थांबा. कोरडी माती एकदम पीत नाही.

केशवा, आमच्या पायाखालची माती ओली राहू दे. बाकी उजेडाचं आम्ही बघून घेऊ. उठा मंडळी, आरती.