शाळेच्या तुळईचं टेबल

दुपारी तीनला, भर उजेडात पाडली ती शाळा — मुलींची, चौकापलीकडची — आणि हे टेबल म्हणजे तिच्या माळ्याची तुळई. हात फिरवा, ताई, लाजताय काय! सागवान आहे. नवं लाकूड असं मिळतं का? नाव नको. नवं लाकूड म्हणजे नवा जावई — जरा ओल लागली की फुगतो. हे बघा, रंध्याचं पातं बोथट झालं, पण याला ढिम्म फरक नाही. पाय? पाय खिडकीच्या चौकटीचे. आमची ही म्हणते, एक दिवस तुम्ही अख्खं गाव खोलून घरात आणाल — म्हणू दे, झोपते त्या पलंगाला जुन्या जिन्याचा कठडा आहे, ते विसरते.

डाग? छे, डाग नव्हे तो. वाका, नीट बघा — खडूची फुली. मुद्दाम ठेवलीय, तेवढीच गंमत. इमारत पाडायच्या आधी आम्ही आत जाऊन फुल्या मारतो — म्हणजे हा माल आपला, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. पाडकामाच्या ठेकेदारानंच बोलावलं होतं. मी शिडीवर, खाली तिसरीचा वर्ग भरलेला, आमची धाकटी पहिल्या बाकावर ‘बाबा, बाबा’ करत उड्या मारतेय — आणि माझा खडू घरी! मग काय, बाईंनीच फळ्याजवळचा दिला. वर विचारतात, ‘दुरुस्ती कधी सुरू करताय?’ म्हटलं, होईल, होईल.

धाकटी ना? आता घरीच असते. नवी शाळा पार हायवेच्या पलीकडे, एकटीला कशी पाठवू? फळीच्या तुकड्यांवर पाढे लिहीत बसते. आठाच्या पाढ्याला अडते — शाळा पाडली तेव्हा तिथवरच झाले होते ना.

कुजक्या? कोण म्हणतं? हां, तो तपासणीला आलेला इंजिनिअर! तुळया कुजल्यात, इमारत धोकादायक — त्यानं लिहून दिलं म्हणून तर पाडली. अहो, कुजक्या लाकडाला मी फुली मारीन? तो तर शिडी चढलाच नाही, खालूनच मान वर करून माझ्या फुल्या बघितल्या, अन्—

थांबा. तो नंतर आला. फुल्या आधी.



फोटो कशाला काढताय? उठा, ताई. टेबल विकायचं नाहीये. निघा तुम्ही — आणि तपासणीच्या आधीच शाळा पडणार हे ठेकेदाराला कसं कळलं, ते मला विचारू नका.