सत्तावीस नंबरची हाक

वैनी, जयसिंगपूरहून आलेले पाव्हणे, मार्केट यार्डातली सगळी मंडळी, आणि रविवारचे आपले काठावरचे सोबती,

माइक जरा लांब ठेवा. माझा आवाज कळंब्याच्या तळ्याच्या ह्या बांधावरून पलीकडच्या काठापर्यंत जातो, हे क्लबातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मघाशी दोनदा उठलो आणि परत बसलो. शेवटी वैनींनीच मान हलवली, बोला म्हणून. म्हणून उभा आहे.

मी विलास. उद्यमनगरात माझं पॅटर्नचं काम आहे. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत जो लाकडी नमुना दाबतात, तो मी करतो. ज्यांच्यासाठी आज आपण जमलोय ते भूपालअण्णा गूळ मार्केटातले आडते. गुळाचा आणि माझ्या लाकडाचा संबंध काय? संबंध ह्या पाण्याचा. यार्डातल्या मंडळींना अजून वाटतं की अण्णा दर रविवारी इथं पोरासारखं खेळायला येत होते. सोमवारी सौद्याला गेले की तुम्ही त्यांना विचारायचा, अण्णा, होडी तरली का बुडाली?

खेळायलाच येत होते. खोटं कशाला बोलू? पण खेळ काय होता ते आज सांगतो. ते कळल्याशिवाय अण्णा कसे गेले हे तुम्हाला कळणार नाही.

मीटरभर लांबीची शिडाची होडी. तिला मोटार नाही, पंखा नाही. चालवणारा फक्त वारा. आपल्या हातात रिमोट असतो, त्यानं दोनच गोष्टी हलतात, शीड आणि सुकाणू. आम्ही सगळे काठावर ओळीनं उभे राहतो, आणि पाण्यात नांगरून ठेवलेल्या केशरी डब्यांना वळसा घालून आपापल्या होड्या परत आणतो. आधी येईल तो जिंकला. एवढंच.

अण्णा पहिल्यांदा आले ते फिरायला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, आणि हा माणूस एका जागी उभा राहून आमच्या होड्या बघत बसला. नवीन माणूस आला की विचारतो, केवढ्याला पडली? किंवा विचारतो, किती जोरात पळती? अण्णांनी विचारलं, "ह्येला नियम हायत का?"

मी म्हटलं, पुस्तक भरून आहेत.

"मग मी येतो," म्हणाले.

आता मला त्याचा अर्थ लागतो. सौद्यात आडत्यानं तोंडातून काढलेला शब्द परत घेता येत नाही. शब्द गेला की गूळ गेला. त्या माणसाचं सगळं आयुष्य बोललेल्या शब्दावर चाललं होतं. आणि आमच्या खेळातही तसंच असतं, हे त्यांनी काठावर उभं राहूनच ताडलं होतं.

त्यांची होडी माझ्या दुकानात तयार झाली. आकाराचा लाकडी नमुना मी केला, पण त्यावर काचकापड आणि रेझिन चढवलं ते अण्णांनी, स्वतः, पांढऱ्या शुभ्र लेंग्यावर. रेझिन सांडून कडक झालेला तो लेंगा नंतर एकटा उभा राहायचा. होडीखाली जो शिशाचा गोळा असतो, तो आम्ही दोघांनी वाळूत ओतला. शिडावर नंबर घातला सत्तावीस. नियमाप्रमाणं होडी चार किलोच्या खाली चालत नाही. ऐन शर्यतीच्या सकाळी अण्णांची होडी काट्यावर थोडी कमी भरली. मी म्हटलं, दुकानातनं शिशाचा तुकडा आणतो. तर म्हणाले, "कशाला? गूळ हाय की." प्लास्टिकात घट्ट बांधून त्यांनी गुळाचा खडा होडीच्या पोटात बसवला.

हसा, हसा. त्यांना आवडलं असतं.

शर्यतीत होडीत पाणी शिरलं, प्लास्टिक सुटलं, गुळाचा पाक झाला, आणि पाक फटीतनं तळ्यात गेला. त्या दिवशी अण्णा पहिले आले. आम्ही टाळ्या वाजवतोय, आणि अण्णा होडी उचलून थेट काट्याकडं. कुणी सांगितलं नव्हतं. वजन कमी भरलं. म्हणाले, "आमची बाद." पुढं बरेच दिवस त्या होडीतनं मुंग्या निघत होत्या.

आमच्याकडं पंच नसतो. डब्याला होडी घासली तर ज्याची घासली त्यानं आपण होऊन सांगायचं आणि होडीला एक पूर्ण गिरकी मारायला लावायची. ती शिक्षा. तोवर बाकीचे पुढं जातात. लांबून कुणाला दिसतंय, घासली का नाही? ज्याचं त्याला माहीत.

आणि दुसरा नियम हाकेचा. हा नीट ऐका. दोन होड्या शेजारी शेजारी काठाच्या दगडांकडं निघाल्यात. काठाकडच्या होडीला वळायला पाहिजे, नाहीतर ती दगडावर आपटणार. पण वळली तर शेजारच्या होडीवर आदळणार. मग तिचा मालक आपला नंबर घालून हाक देतो, 'सत्तावीस, जागा!' शेजारच्यानं एकतर आपली होडी वळवायची, नाहीतर उत्तर द्यायचं, 'वळा'. वळा म्हणजे, तुम्ही खुशाल वळा, मी सांभाळून घेतो. आणि वळा म्हटलं की पुढची जबाबदारी म्हणणाऱ्याची.

एकदा मी अण्णांशी ह्यावरून भांडलो. म्हटलं, तुम्हाला जागेची गरजच नव्हती, दगड लांब होते, मी कशाला उत्तर द्यायचं? अण्णा म्हणाले, "विलासराव, हाक आली की उत्तर द्यायचं. दगुड किती लांब हाय ते हाक देणाऱ्याला दिसतंय. आदी जागा द्यायची, भांडाण मग काठावर." मी घरी जाऊन पुस्तक उघडलं. त्यांचंच बरोबर होतं.

काय आवाज होता त्यांचा. अण्णांनी जागा म्हटलं की पलीकडच्या काठावरचे बगळे उडायचे.

आणि त्याच माणसाच्या घशात गाठ निघाली. ज्यानं कधी सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, त्याच्या. मला आजही राग येतो. देवाला घ्यायला दुसरं काही सापडलं नाही का? ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याभोवती पांढरं उपरणं आलं, आणि सौद्यातली त्यांची जागा मुलानं घेतली.

आम्हाला वाटलं, निदान रविवार तरी राहील. पण अण्णा येईनात. होडी माळ्यावर उपडी ठेवली. मी घरी गेलो, म्हटलं, अण्णा, हात वर करा, आम्ही समजून घेऊ. त्यांनी मान हलवली, नाही. आणि डोळ्यांपुढं बोट फिरवून दाखवलं. बरोबरच होतं. शर्यतीत प्रत्येकाचे डोळे आपापल्या होडीवर असतात, शेजाऱ्याचा हात कोण बघणार? नियम तोंडानं हाक द्यायला सांगतो. तोंड नाही तर खेळ नाही. सवलत त्यांना नको होती.

मग एका रविवारी वैनी आल्या. एवढ्या वर्षांत वैनी तळ्यावर कधी आल्या नव्हत्या. डबा द्यायचा तर मुलाला पाठवायच्या. त्या दिवशी सरळ माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. "म्या वरडतो त्यांच्या वतीनं," म्हणाल्या. "चालंल काय तुमच्या नियमात?"

वैनी, चारचौघांत तुमचा आवाज तोवर आम्ही ऐकला नव्हता.

झाडाखाली बैठक बसली. कुणी म्हणालं चालेल, कुणी म्हणालं शर्यतीत बाहेरच्याची मदत बसत नाही, वैनींना दगड दिसला तर त्या आपण होऊन ओरडतील. तोड काढली ती अण्णांनीच. खुणेनं सांगितलं, ही पाण्याकडं पाठ करून उभी राहील. होडी दिसणारच नाही, मग मदत कसली? मुरगूडच्या जनावरांच्या बाजारात लहानपणी वडिलांबरोबर जाताना अण्णांनी रुमालाखालचे सौदे बघितले होते, बोटांवर चालणारे. तसंच. वैनींचं मनगट रिमोट धरलेल्या अण्णांच्या हाताशी, वरनं उपरणं. दोनदा बोट टेकलं की वैनींनी ओरडायचं, सत्तावीस, जागा!

दोन वर्षं वैनी ह्या काठावर पाण्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. उन्हात, वाऱ्यात. एक शर्यत त्यांनी बघितली नाही. बघत काय होत्या? अण्णांचं तोंड.

आणि एका शर्यतीत अण्णा सगळ्यांत पुढं. मी त्यांच्या शेजारी. दोन्ही होड्या दगडांकडं. वैनींची हाक आली, मी वळा म्हटलं, अण्णा सुटले, समोर मोकळं पाणी. जिंकलेच म्हणायचे. आणि सत्तावीस नंबरची होडी तिथंच गिरकी मारायला लागली. शिक्षेची गिरकी. आम्हाला काही कळेना. कुठं घासली नाही, कुणाला लागली नाही. अण्णांनी उपरणं बाजूला केलं आणि बोट वर धरून मान हलवली. बोट टेकलंच नव्हतं. वैनी त्याच्या आधी ओरडल्या होत्या.

उपरण्याखालचं कुणाला दिसलं असतं? कुणालाच नाही.

वैनी चिडल्या. आम्हा सगळ्यांपुढं म्हणाल्या, "इतकी वर्सं ह्यांचं तोंड बघत आलोय. बोट कशाला लागतंय मला?" अण्णा हसले. आवाज नाही, पण खांदे हलत होते, आणि डोळे भरून आले होते. मग आम्हीही हसलो. आज ते आठवलं की मला हसू येत नाही.

आता शेवटचं सांगतो. हे सांगायला मी वैनींना विचारलंय.

दुखणं परत आलं. ह्या वेळेला डॉक्टरांनी काही लपवलं नाही. त्या सकाळी वैनी खाटेशेजारी बसल्या होत्या, हात अण्णांच्या हाताशी, वरनं चादर. चादरीखाली बोट दोनदा टेकलं. वैनींना वाटलं, पाणी पाहिजे. पाणी धरलं, तोंड फिरवलं. उशी सारखी केली. परत दोनदा बोट. तेव्हा वैनींना कळलं, अण्णा जागा मागतायत. आणि कळल्यावर त्या दाराकडं बघायला लागल्या. कारण त्यांना फक्त हाक देता येत होती. उत्तर देणारे आम्ही असायचो, आणि आमच्यातला एकही तिथं नव्हता. तिसऱ्यांदा बोट टेकलं. मग वैनींनीच उत्तर दिलं. हळू, कानाशी.

"वळा."

खिडकीतलं ऊन खाटेवर यायच्या आत अण्णा गेले.

तिसऱ्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा वैनींनी हे सांगितलं, आणि मला विचारलं, "विलासभावजी, मी वळा म्हटलं म्हणून गेले काय ओ? म्हटलं नसतं तर ऱ्हायले असते?"  मी चहा संपवला आणि उठलो. घरी आल्यावर झोप नाही. त्यांचा प्रश्न डोक्यातनं जाईना.

वैनी, आज देतो उत्तर. सगळ्यांपुढं देतो.

हाक आली की उत्तर द्यावंच लागतं. नको म्हणायची सोय आमच्या पुस्तकात नाही. दगड किती जवळ आला होता ते अण्णांना दिसत होतं, तुम्हाला नाही, डॉक्टरांना नाही. तुम्ही जागा दिली नसती तरी दगड हलला नसता. अण्णा नुसते त्यावर आपटत राहिले असते. तुम्ही त्यांना आपटू दिलं नाही. ह्यात चूक असती तर अण्णांनी गिरकी मारली असती, वैनी. त्यांनी कधी चूक अंगावर ठेवली नाही, ना स्वतःची ना तुमची. ते सरळ गेले.

राहता राहिली जबाबदारी. वळा म्हणणाऱ्याची असते, असं मीच मघाशी म्हणालो. ती तुमच्या एकट्यावर ठेवून आम्ही घरी जायचं, हे मला पटत नाही. ती हाक आमच्यासाठी होती. आम्ही तिथं नव्हतो, म्हणून तुम्हाला द्यावं लागलं उत्तर. ते आज आम्ही देणार.

सत्तावीस नंबरची होडी खाली पाण्याला लावून ठेवली आहे. रिमोट कुणाच्या हातात नाही. वारा पश्चिमेचा आहे, नेईल तिकडं जाईल, संध्याकाळी पलीकडच्या काठावरून आणू.

सगळ्यांनी उभं राहा. यार्डातल्या मंडळींनीही. तोंडं पाण्याकडं करा. वैनी, तुम्हीसुद्धा. आज शर्यत नाही, आज तुम्ही बघायचं.

मी त्यांच्या वतीनं एकदा हाक देतो. तुम्ही सगळ्यांनी मिळून उत्तर द्या, पलीकडच्या काठावर ऐकू गेलं पाहिजे. आणि मग होडी लांब जाईपर्यंत कुणी काही बोलू नका.

सत्तावीस, जागा!